मागून बसलेला टायगर: १/६ मॉडेलच्या सस्पेन्शनची जुळणी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. नाशिकला घरीच बांधलेला १/६ मापाचा टायगर-१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं मॉडेल, वजन ११२ किलो. टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, ५ मिलिमीटर जाडीचे, बारची मोकळी लांबी ३०० मिलिमीटर, आर्म, म्हणजे बारला चाक जोडणारे हात, ६० मिलिमीटरचे. गाडी मागून ९ मिलिमीटर खाली बसते, मऊ मातीत वळताना उजवा ट्रॅक (पट्टा) मागच्या आयडलरवरून, म्हणजे तो ताणून धरणाऱ्या चाकावरून, उतरतो आणि ब्रेक लावला की नाक डुलत राहतं. तुम्ही ट्रॅक आवळून पाहिला, फरक पडला नाही, उलट चाल जड झाली. आता मागचे बार साडेपाचचे टाकू का, असं विचारताय.

नका टाकू. निदान आज तरी नाही. तुमचे बार ठीक आहेत, बिघाड बॅटरीच्या जागेत आहे. कसा ते सांगतो, पण आधी दोन गोष्टींचा घोळ मिटवू, कारण टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माझ्यासारख्यानेही पहिल्या गाडीवर तोच घोळ घातला होता.

बारची जाडी ठरवते कडकपणा. बार आर्मला कोणत्या कोनात बसवला, म्हणजे प्रीलोड किती दिला, यावर ठरते उंची. प्रीलोड वाढवला म्हणजे सस्पेन्शन कडक झालं असं वाटतं, कारण गाडी उचलली जाते आणि हाताने दाबताना जोर लागल्याचा भास होतो. प्रत्यक्षात दर मिलिमीटरला लागणारं बळ तेवढंच राहतं. तेव्हा उंची बिघडली म्हणून बार बदलणं म्हणजे टेबल डुगडुगतं म्हणून फळी जाड करणं. शिवाय कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ५ चे ५.५ केलेत की मागची बाजू जवळजवळ दीडपट कडक होईल. मग खड्ड्यातून जाताना पुढचं अंग झुलेल, मागचं आदळेल.

तुमचा हिशोबच करून बघू. ११२ किलोतले दोन्ही ट्रॅक, चाकं आणि आर्म मिळून ३७ किलो धरा. ते वजन बारवर येत नाही. उरले ७५, भागिले १६ आर्म, म्हणजे चाकामागे साधारण ४.७ किलो. तुमच्या मापाच्या बारला चाकाशी एक मिलिमीटर दबण्यासाठी सुमारे ०.४६ किलो लागतं. म्हणजे नुसतं उभं असताना चाक दहा-साडेदहा मिलिमीटर दबलेलं असणार. या मापाच्या गाडीला हे चांगलं आहे. चाकाला वर जायला वाव आहे आणि खड्ड्यात खाली उतरायलाही.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण बरेच जण मूळ रणगाड्याचा बार सहाने भागून लेथवर चढवतात आणि मग सस्पेन्शन हलतच नाही म्हणून कपाळावर हात मारतात. खरा टायगर ५७ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहाने भागल्या की वजन २१६ ने भागलं जातं, म्हणजे हुबेहूब मॉडेल २६४ किलोचं हवं. पण बारची जाडी, लांबी आणि आर्म सगळं सहाने भागलं तर चाकाशी मिळणारा कडकपणा फक्त सहापट कमी होतो. परिणाम असा की चाक मूळच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकंच दबतं, दिसायला हवं सहाव्या हिश्शाइतकं. सहापट कडक गाडी! त्यात तुमची २६४ ऐवजी ११२ किलोची, म्हणजे चौदापट. चौदाचं चौथं मूळ १.९ च्या आसपास येतं. म्हणून मापात भागून येणाऱ्या जाडीच्या साधारण निम्माच बार लागतो. तुमचे ५ मिलिमीटर त्या हिशोबात चपखल बसतात. कुणाच्या सल्ल्याने घेतलेत की अंदाजाने, माहीत नाही, पण बरोबर घेतलेत.

आता मागचे ९ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या टोकात एवढा फरक म्हणजे शेवटचं चाक सरासरीपेक्षा साडेचार मिलिमीटर जास्त दबलेलं आणि पहिलं तेवढंच कमी. किलोत सांगायचं तर शेवटच्या चाकावर ६.८ आणि पहिल्यावर जेमतेम २.६. तुम्ही लिहिलंय की १२ व्होल्टच्या दोन्ही लेड-ॲसिड बॅटऱ्या इंजिनच्या जागी, अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, दोन्हींचं वजन २७ किलो. तिथेच सापडलं. पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत तुमचं अंतर सहाशे मिलिमीटर आहे. ते धरून गणित केलं तर या बॅटऱ्या साधारण १५५ ते १६० मिलिमीटर पुढे सरकवल्या की गाडी आपोआप सपाट होते. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या घुमटाच्या, रिंगखाली जागा आहे का बघा. खऱ्या टायगरचं इंजिन मागे असलं तरी गिअरबॉक्स पुढे होता, त्यामुळे तोल साधला जायचा. आपल्या मोटरी पुढे असतात खऱ्या, पण त्या लेड-ॲसिडच्या मानाने हलक्या.

हे माझं कागदावरचं गणित झालं. त्यावर विश्वास ठेवून ड्रिल उचलू नका. आधी प्रत्येक चाक तोला.

तोलायची पद्धत सोपी आहे, फक्त वेळखाऊ. दोन्ही ट्रॅक काढा. ट्रॅक चढवलेले असताना घेतलेलं कुठलंही माप खोटं, कारण ट्रॅक चाकांना एकमेकांशी बांधून टाकतो. गाडी सपाट जागेवर हवी. घरातली फरशी सपाट दिसते, नसते. मी कडप्प्याचा मोठा तुकडा वापरतो, त्याच्या चार कोपऱ्यांची पातळी गवंड्याकडे असते तशा पाण्याच्या नळीने जुळवून घेतो. तोफ सरळ पुढे करा, बॅटऱ्या जागेवर ठेवा, झाकणं बंद करा. चालताना जे जे आत असतं ते सगळं आत हवं. मग नाक दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे आर्म आपापल्या जागी बसतील.

आता वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी चाकाखाली सरकवा. बॅग तोलायचा डिजिटल काटा मिळतो ना, हुकाचा, तो ॲक्सलच्या टोकाला तारेने अडकवा आणि हळूहळू सरळ वर ओढा. दुसऱ्या हाताने कागद किंचित खेचत राहा. ज्या क्षणी कागद सुटून हातात येतो त्या क्षणीचा आकडा लिहा. प्रत्येक चाकाला तीनदा. तिन्ही आकडे पाव किलोच्या आत आले तर धरा, नाहीतर तो आर्म बुशमध्ये, म्हणजे ज्या नळीत फिरतो तिच्यात, अडकतोय असं समजा. आकड्यातून त्या जागेवरच्या चाकांचं आणि आर्मचं वजन वजा करायला विसरू नका. सुरुवातीच्या टायगरसारखी एका आर्मवर तीन चाकं असतील तर ते वजन बरंच भरतं.

अडकणाऱ्या आर्मवर थोडं थांबतो, कारण जुळणी करताना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच. नाक हाताने सेंटिमीटरभर खाली दाबा, अगदी सावकाश सोडा, हाइट गेजने पुढच्या कोपऱ्याची उंची घ्या. मग नाक तेवढंच वर उचला, सावकाश सोडा, पुन्हा उंची घ्या. दोन आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बाकी सगळं काम थांबवा. माझ्या पहिल्या गाडीत हा फरक पाच मिलिमीटरचा होता. आठवडाभर मी स्क्रू फिरवत बसलो, संध्याकाळी जुळवलेली उंची सकाळी भलतीच. शेवटी आर्म काढले तर गनमेटलच्या बुशमध्ये प्रायमर उतरला होता. रंगवताना बुशची तोंडं झाकायला विसरलो होतो! रीमर फिरवला, शाफ्टला चार-पाच शतांश मिलिमीटरची मोकळीक दिली, पातळ ग्रीस लावलं आणि तोच फरक एका मिलिमीटरवर आला.

सोळाही आकडे हातात आले की कागदावर आठ-आठच्या दोन ओळी मांडा, डावी आणि उजवी. डोळ्यांना लगेच दिसतं. दोन्ही ओळी पुढून मागे सारख्या वाढत गेल्या असतील तर वजन मागे आहे, बॅटऱ्या हलवा. एका बाजूची बेरीज दुसरीपेक्षा दीड-दोन किलोने जास्त असेल तर स्पीकर, ॲम्प्लिफायर, धूर सोडणारा पंप असलं काही त्या बाजूला आहे का बघा. आणि मध्येच एखादा आकडा उडी मारत असेल, म्हणजे ४.५, ४.६, २.९, ६.३, ४.७ असा, तर तिथे प्रीलोडचा दोष आहे. त्या एकट्या बारला हात लावायचा.

हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. आधी वजन जागेवर, मग प्रीलोड, मग ट्रॅक. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. ट्रॅक बाहेरून दिसतो, आयडलरचा बोल्ट हाताशी असतो, म्हणून आधी तोच आवळला जातो.

तुमच्या फोटोत बारच्या पलीकडच्या टोकाला छोटा दांडा आणि त्याला टेकणारा एम-५ चा (५ मिलिमीटर जाड, बिनडोक्याचा) ग्रब स्क्रू दिसतोय. उत्तम रचना आहे. दांडा २५ मिलिमीटरचा असेल तर स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे चाकाशी साधारण १.९ मिलिमीटर. म्हणून पाव-पाव फेऱ्याने जा. आणि एक लक्षात ठेवा, ही सोळा पायांची खाट आहे. एक पाय उंच केला की शेजारच्या दोघांचं वजन कमी होतं. तिसऱ्या चाकावर भार कमी म्हणून त्याचा स्क्रू फिरवलात तर दुसरं आणि चौथं हलकं होईल, मग तुम्ही त्यांच्यामागे लागाल आणि रात्रीचे दोन वाजतील. उडी मारणाऱ्या चाकाला निम्मीच दुरुस्ती द्या, पुन्हा सगळी ओळ तोला, मग उरलेली. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. प्रत्येक चाक ग्रॅमपर्यंत सारखं करायचा हट्ट नको. सरासरीच्या दहा टक्क्यांत आलं की सोडून द्या. उलट पहिलं आणि शेवटचं चाक मी सरासरीपेक्षा किंचित जड ठेवतो, कारण वळताना ट्रॅकला रेषेत धरायचं काम त्यांचं.

बारच्या धातूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून एक इशारा. बाजारात सरळ, घासून तयार मिळतो म्हणून सिल्व्हर स्टीलचा रॉड घ्यायचा मोह होतो. मीही घेतला होता. बसवला, संध्याकाळी खडबडीत जागेवर तासभर गाडी पळवली आणि सकाळी बघतो तर मागचा उजवा कोपरा सहा मिलिमीटर खाली. मऊ अवस्थेतला रॉड पिळला की पिळलेलाच राहतो. मग भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे टाकले, तर आडवे रचून तापवल्यामुळे केळ्यासारखे वाकून परत आले. तेव्हापासून स्प्रिंग स्टीलचेच घेतो आणि पाणी देताना उभे टांगून घेतो.

नवे बार बसवण्याआधी त्यांना एकदा कामाच्या दिशेने, कामात लागेल त्यापेक्षा थोडं जास्त पिळून सोडायचं. पहिल्यांदा ते किंचित बसतात, नंतर बसत नाहीत. पण त्यामुळे बारला दिशा येते. डाव्या बाजूचा बार उजवीकडे लावायचा नाही. टोकावर बाण कोरून ठेवा, रंगाने काढलेला बाण ग्रीसमध्ये पुसला जातो. टायगरमध्ये हा गोंधळ व्हायला जास्तच वाव आहे, कारण बार पूर्ण रुंदीभर आडवे जातात. शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोन बारांची चाकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूचे आर्म पुढे तोंड करून आणि दुसऱ्या बाजूचे मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणूनच गाडी दबते तेव्हा एका बाजूची चाकं पुढे सरकतात आणि दुसऱ्या बाजूची मागे. दोन्हीकडचा ट्रॅक अगदी सारखा कधीच वागत नाही, ते त्या रचनेतच आहे.

आता ट्रॅक, म्हणजे तुमची खरी तक्रार.

मागची बाजू बसली की आयडलर जमिनीकडे येतो. मऊ मातीत वळताना ट्रॅकच्या कडेला मातीचा ढीग रेटतो. तो रेटा एरवी शेवटच्या रोड व्हीलने, म्हणजे जमिनीवरच्या चाकाने, घ्यायचा. तुमच्याकडे तो खाली आलेल्या आयडलरवर जातो, त्याचा ब्रॅकेट थोडा लवतो आणि ट्रॅकचे दात चाकांच्या फटीतून वर चढतात. उजवाच का उतरतो? उजव्या आयडलरला धरणारा क्रँक एखाद-दुसऱ्या अंशाने तिरका असणार. पहिल्या रोड व्हीलपासून आयडलरपर्यंत दोरी ताणून धरा, लगेच दिसेल.

ट्रॅक आवळल्याने का फायदा झाला नाही तेही बघा. पहिल्या चाकापासून ट्रॅक तिरका वर स्प्रॉकेटकडे, म्हणजे त्याला ओढणाऱ्या दातेरी चाकाकडे, जातो. तो कोन ३० अंशांचा धरला आणि ट्रॅकमध्ये १० किलोचा ताण दिला, तर त्यातले ५ किलो त्या चाकाला वर उचलायला लागतात. म्हणजे चाकावर मुळात जो ४.७ किलोचा भार होता त्याच्याहून जास्त! मागे आयडलरकडेही थोड्याफार फरकाने तसंच. टोकाची चाकं वर ओढली जातात, हल, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाली दबतो, बुश आणि पिना घासतात, मोटर जास्त करंट खाते. चाल जड झाली ती यामुळे.

टायगरला वरच्या बाजूला ट्रॅक पेलणारे रिटर्न रोलर नाहीत. ट्रॅकचा वरचा भाग रोड व्हीलवर टेकून जायचा, ते दिसतंही देखणं. उंची पक्की झाल्यावर गाडी मोटरीवर मीटरभर पुढे चालवा, मागे घेऊ नका, मग ताण बघा. पुढे जाताना पुढचं स्प्रॉकेट वरचा भाग ओढून घेतं आणि ढील खाली, स्प्रॉकेट आणि पहिल्या चाकाच्या मध्ये जमते. मागे घेताना उलटं होतं. म्हणून एकदा पुढे चालवून आणि एकदा मागे घेऊन मापलं तर दोन वेगळे आकडे मिळतात आणि माणूस चक्रावतो. मी वरचा भाग तिसऱ्या ते सहाव्या चाकावर टेकलेला ठेवतो आणि मधोमध बोटाने उचलल्यावर १५ मिलिमीटरच्या आसपास उचलला जाईल इतकाच ताणतो. मूळ ट्रॅकची पिच, म्हणजे एका कडीची लांबी, १३० मिलिमीटर, तुमची साडेएकवीसच्या वर येईल. आयडलर पूर्ण मागे नेऊनही ढील राहिली तर एक कडी काढा, आयडलरला जबरदस्ती नको.

नाकाचं डुलणं शेवटी घेतलं, कारण बॅटऱ्या पुढे आल्यावर त्यातलं बरंचसं आपोआप कमी होईल. खऱ्या टायगरला पहिल्या आणि शेवटच्या आर्मवर शॉक ॲब्सॉर्बर होते, तुम्हीही चारच ठिकाणी लावा. मोठ्या आरसी कारचे तेलाचे डॅम्पर चालतात. नाक दाबून सोडलं की वर येऊन एकदा किंचित खाली जावं आणि थांबावं. अजिबात खाली गेलं नाही तर तेल जास्त घट्ट आहे, चाक खड्ड्यात उतरायला उशीर करेल. स्पीड कंट्रोलरमध्ये ब्रेकचा रॅम्प, म्हणजे ब्रेक पूर्ण लागायला लागणारा वेळ, लांबवता येत असेल तर तोही लांबवा. ५७ टनांची गाडी जागच्या जागी थबकत नाही. आणि मॉडेल मूळ गाडीपेक्षा भराभरा हलणारच, त्याला इलाज नाही. व्हिडिओ काढलात तर सुमारे अडीचपट सावकाश दाखवा, सहाच्या वर्गमुळाचा हिशोब आहे तो, लगेच वजन जाणवायला लागतं. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला टायगर १३१ इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात अजून चालत्या अवस्थेत आहे. त्याचे चालतानाचे व्हिडिओ शेजारी लावून ताडून बघा.

नाशिकची काळी माती हा वेगळाच विषय. एकात एक घुसलेल्या चाकांत ती भरते आणि दुसऱ्या दिवशी वाळून विटेसारखी होते. रशियात चिखल रात्रीतून गोठून जर्मनांची चाकं जाम व्हायची, तोच प्रकार, फक्त उन्हाने. पावसाळ्यात मुरमावर चालवा. काळ्या रानात नेलीत तर त्याच संध्याकाळी पाण्याचा फवारा मारा, नाहीतर सकाळी वजनाचे आकडे काढाल ते मातीचे असतील.

पुढची गाडी कोणती करू, असंही शेवटी विचारलंय. सस्पेन्शनच्या कटकटीला कंटाळला असाल तर सेंच्युरियन हा ब्रिटिश रणगाडा करा. तिथे हॉर्स्टमन पद्धतीच्या बोगी आहेत, बाजूला तीन-तीन, प्रत्येक बोगीत दोन आर्म एकाच स्प्रिंगच्या संचावर, सगळं हलच्या बाहेर. एक बोगी बिघडली की बोल्ट काढून टेबलावर घ्यायची. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियनही आहे आणि टॉर्शन बारवाली विजयंताही. वाकून दोन्हींची खालची बाजू बघता येते, टेप घेऊन जा.

तूर्त बॅटऱ्या नुसत्या पुढे ठेवून, पट्ट्याने तात्पुरत्या बांधून तोला, नवा ट्रे नंतर बनवा. दहा मिनिटं चालवून आणली की ग्रब स्क्रूचे लॉकनट पुन्हा तपासा, पहिल्या फेरीत दोन-तीन तरी ढिले झालेले असतात. मग ते सोळा आकडे मला पाठवा, ट्रॅक काढून घेतलेले, आधीचे आणि नंतरचे.